आक्काच्या कडेवरचे बालपण : कोल्हापुरातील एका संध्याकाळच्या बालकेंद्राचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून आमच्या गल्लीतील तीन भावंडे शहरातील एका संध्याकाळच्या बालकेंद्रात जात आहेत. पहिल्या दिवशी त्यांना तेथे मीच घेऊन गेले होते आणि त्यानंतर आठवड्यातून किमान दोनदा माझे तेथे जाणे होत राहिले, त्यामुळे या सेवेविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. केंद्राचे नाव आणि पत्ता मी मुद्दाम देत नाही. तेथे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले ज्या घरांतून येतात त्या घरांत कर्ते माणूस उरलेले नाही, आणि अशी घरे कोणती हे चार लोकांना कळणे त्या मुलांच्या हिताचे नाही. बाल न्याय कायद्यानेही अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. ज्यांच्या शेजारी असे घर आहे आणि काय करावे हे ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी आणि असे केंद्र चालवणाऱ्यांसाठी हा अभिप्राय आहे.

आधी घराविषयी सांगते, कारण ते समजल्याशिवाय केंद्राचे गुणदोष समजणार नाहीत. थोरली पंधरा वर्षांची, मधला नऊ वर्षांचा आणि धाकटा चार वर्षांचा. आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर चालक होते. आधी पंधरा दिवसांनी येत, मग महिन्याने, आणि आता वर्षभर ते आलेले नाहीत, फक्त अधूनमधून फोनवर थोडे पैसे पाठवतात. कागल तालुक्यातील आत्या सणावाराला येऊन जाते आणि कागदोपत्री पालक म्हणून तिचेच नाव आहे. प्रत्यक्षात घर चालवते ती थोरली. सकाळी पाणी भरणे, भाकरी करणे, दोघांना तयार करणे, शाळा, आणि शाळेतून आल्यावर कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालण्याचे काम, जे आईने तिला शिकवले होते. गल्लीतले सगळे तिला गुणी पोर म्हणतात. मीही म्हणत असे. एकतीस वर्षे मी लहान मुलांना शिकवले आहे, आणि तरीही तिचे गुण पाहताना तिच्या कडेवर बसलेल्या धाकट्याकडे नीट पाहायला मला बराच काळ लागला, याची खंत मला आजही आहे.

अशा घरांना आता बालप्रमुख कुटुंब असे म्हटले जाते. हा शब्द मुख्यतः आफ्रिकेतून आला. एचआयव्हीच्या साथीत दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतील गावेच्या गावे आईबापांना मुकली, रवांडात १९९४च्या वंशसंहारानंतर हजारो घरांत सर्वांत मोठे माणूस म्हणजे बारा-चौदा वर्षांची बहीण अशी अवस्था झाली, आणि या घरांचा अभ्यास करताना हे नाव रूढ झाले. दक्षिण आफ्रिकेने तर २००५च्या बालक कायद्यात अशा कुटुंबाला कायदेशीर मान्यता दिली: सोळा वर्षांवरील भावंड धाकट्यांचा सांभाळ करत असेल तर घर मोडायचे नाही, मात्र त्या घरावर एका प्रौढ व्यक्तीची देखरेख असली पाहिजे. आपल्या कायद्यात असे वेगळे नाव नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली अशी मुले काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालके ठरतात आणि त्यांचा विषय बालकल्याण समितीपुढे जातो. परंतु आपल्याकडे बहुतेक वेळा घर पूर्णपणे अनाथ नसते. बाप असतो पण नसल्यासारखा, आजी असते पण अंथरुणाला खिळलेली, आणि म्हणून ते घर कोणाच्या नोंदीतही येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या खोप्यांवर दिवसापुरते हेच घडते. आईबाप पहाटे अंधारात कोयता घेऊन फडावर जातात आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी दिवसभर तान्ह्याला सांभाळते. आपण जिल्ह्याच्या रस्त्यांवरून जाताना ते पाहतो आणि पुढे जातो.

आता धाकट्याविषयी. केंद्रात जाण्यापूर्वी तो कधी रडत नसे. चार वर्षांच्या मुलाविषयी लोक हे कौतुकाने सांगतात, पण लहान मुले हाताळलेल्या कोणालाही विचारा, न रडणारे मूल पाहून काळजी वाटली पाहिजे. पडला तर तो उठून माती झटकत असे आणि आजूबाजूला कोणाकडेही पाहत नसे. मूल पडल्यावर आधी आईकडे पाहते आणि मग रडायचे की नाही हे ठरवते. ज्याला कोणाकडे पाहायचे हेच माहीत नाही, ते रडत नाही. दुसरीकडे, गल्लीत आलेल्या कोणत्याही अनोळखी माणसाचे बोट धरून तो चालू लागायचा. गॅसची टाकी आणणाऱ्याच्या मागोमाग तो एकदा कोपऱ्यापर्यंत गेला होता. मिळालेल्या खाऊतला अर्धा तो चड्डीच्या खिशात ठेवायचा आणि तो खिसा रात्री झोपतानाही मुठीत धरलेला असायचा, असे थोरली सांगते. आणि दिवेलागणीला तो दारात येऊन बसायचा, आक्का पाठीमागे घरातच असली तरीही.

या प्रत्येक गोष्टीमागे एक कारण आहे. लहान मुलाचा भावनिक पाया हाकेला मिळणाऱ्या 'ओ'वर उभा राहतो. मूल हुंकारते, बोट दाखवते, तोंड वेंगाडते. मोठे माणूस त्याकडे पाहते, त्याला उत्तर देते, 'भूक लागली होय माझ्या बाळाला', 'भ्यायलास काय' असे शब्द देते. दिवसातून शेकडो वेळा घडणाऱ्या या देवाणघेवाणीतून मुलाला दोन गोष्टी कळतात: आपल्या आत जे काही होते त्याला नाव आहे, आणि ते कोणाला तरी सांगता येते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आणि त्यांच्यानंतर मेरी एन्सवर्थ यांनी मूल आणि सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील या बंधाचा अभ्यास केला आणि तो बंध पक्का असेल तर मूल धीटपणे जग पाहायला बाहेर पडते व घाबरले की परत येते, हे दाखवून दिले. पंधरा वर्षांच्या मुलीचे प्रेम आईच्या प्रेमाहून कमी नसते. कमी असतो तो वेळ, आणि त्याहूनही कमी असते ती उसंत. भाकरी तव्यावर, वेण्यांचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत द्यायचा, उद्या सहामाहीचा पेपर, अशा वेळी धाकट्याच्या दहा हाकांपैकी दोनच हाकांना ओ मिळते. उरलेल्या आठ हाका मूल हळूहळू मारायचेच थांबवते.

आणि एक गोष्ट मला फार टोचते, कारण ती आपण सारेच करतो. ऐकत नसलेल्या मुलाला 'थांब, तुला टाकूनच जाते' असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. आई हे म्हणते तेव्हा मूल क्षणभर घाबरते आणि विसरते, कारण आई कधी गेलेली नसते. ज्याची आई खरोखर गेली, बाप खरोखर गेला, त्या मुलाला आक्काने दमून हेच वाक्य म्हटले तर ते त्याच्यासाठी धमकी राहत नाही. दिवेलागणीला दारात बसण्याचे कारण मला केंद्रातील ताईंनी हे समजावून सांगितले तेव्हा कळले: आक्का निघाली तर आपल्याला दिसावी, म्हणून तो उंबरा अडवून बसत होता.

केंद्र दुपारी साडेतीन ते साडेसहा या वेळात चालते. एका जुन्या वाड्याचा तळमजला, पुढे फरशीचे अंगण, मागे चूल नसलेले पण ओटा असलेले स्वयंपाकघर. तीस-पस्तीस मुले येतात. दोन पूर्णवेळ ताई, खाऊ करणाऱ्या एक मावशी, आणि महाविद्यालयांतून येणारे स्वयंसेवक. शुल्क नाही. खाऊ रोजचा आणि पोटभर असतो: कधी मटकीची उसळ आणि चपाती, कधी उप्पीट, शनिवारी भडंग आणि केळे. पहिल्या आठवड्यात धाकट्याने भडंग खिशात भरले तेव्हा मावशींनी त्याला रागावले नाही की सगळ्यांसमोर समजावलेही नाही. त्यांनी एक झाकणाचा छोटा डबा आणला, त्यावर त्याचे चित्र चिकटवले आणि 'ह्यात ठेव, उद्या पण हितंच असंल' असे सांगितले. पाच-सहा आठवडे तो रोज आल्या आल्या डबा उघडून पाहायचा. श्रावण संपता संपता तो डब्याकडे पाहायला विसरू लागला. खाऊच्या दर्जाविषयी मला एवढेच सांगायचे आहे.

दुसरे, जे मी अन्यत्र कोठे पाहिलेले नाही, ते म्हणजे निरोपाची पद्धत. रोज सव्वासहाला ताई मुलांना गोलात बसवतात आणि उद्या कोण येणार, कोण येणार नाही, हे एकेका माणसाचे नाव घेऊन सांगतात. 'मी उद्या येणार. मावशी येणार. चित्रं काढून घेणारा दादा उद्या येणार नाही, तो गुरुवारी येणार.' बाहेरच्याला हे उगाच वाटेल. माणसे न सांगता नाहीशी झालेली पाहिलेल्या मुलांसाठी मात्र उद्याविषयीचे दिलेले आणि पाळलेले वचन हेच औषध आहे, आणि ते रोज एका मात्रेने द्यावे लागते.

भातुकलीचा प्रसंग मी स्वतः पाहिला, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुलैमधली पावसाळी दुपार होती, अंगणात जाता येत नव्हते. चार-पाच मुलांनी कोपऱ्यात घर मांडले. एक मुलगी म्हणाली, मी आई. दुसरा म्हणाला, मी बाबा. धाकट्याला विचारले, तू कोण? तो म्हणाला, 'मी आक्का.' बाकीच्या मुलांना हे चालेना. घरात आई आहे, बाबा आहेत, मग तू बाळ हो, असे त्यांनी सांगितले. तो ऐकेना. त्याने प्लास्टिकची पातेली ओढून घेतली, खोटी चूल पेटवली, आणि मग बाळ झालेल्या मुलाला म्हणाला, 'गप जेव. पैसं न्हाईत. रडायचं न्हाई.' आवाज हुबेहूब थोरलीचा होता. ताई जवळच होत्या. त्यांनी खेळ थांबवला नाही. त्या नुसत्या त्या घराच्या दारात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'आक्का, मी शेजारची मावशी. लई दमलीस बघ. आण ते बाळ हिकडं, मी घेते घटकाभर.' तो थोडा वेळ तसाच बघत राहिला. मग त्याने बाळ झालेल्या मुलाला ताईंकडे ढकलले, आणि काही क्षणांनी स्वतःही त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. चार वर्षांच्या मुलाला आपले घर कसे दिसते हे या खेळातून जितके कळले तितके कोणत्याही तपासणीच्या तक्त्यातून कळले नसते, आणि त्या क्षणी काय करायचे हे ज्या बाईंना सुचले, त्यांच्या हाती मी कोणतेही मूल निःशंकपणे सोपवेन.

धाकट्याबरोबर थोरलीला आत घेणे हे या केंद्राचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तेथील माणसे वाईट नव्हती, पण त्यांचा प्रस्ताव असा होता की मुलीने मुलींच्या वसतिगृहात जावे, मधल्याने मुलांच्या, आणि धाकट्याची वेगळी व्यवस्था करता येईल. ते ऐकून थोरली उठली आणि दोघांना घेऊन चालत घरी आली. त्यानंतर दोन महिने ती मलाही घरात काही कमी आहे असे सांगत नव्हती. तेल संपले तरी 'सगळं हाय, बाई' एवढेच म्हणायची. मदत मागितली तर घर मोडेल, ही भीती अशा घरांत फार खोल असते आणि त्यामुळेच ही घरे बंद होत जातात, धाकट्याचे बाहेरच्या माणसांशी नाते जुळण्याची संधीही त्यातच जाते.

भावंडांना एकत्र ठेवण्याचा आग्रह हा केवळ मायेचा मुद्दा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली छळछावणीतून वाचलेली, तीन-चार वर्षांची सहा अनाथ मुले इंग्लंडमध्ये आणली गेली. बालमानसविश्लेषक अॅना फ्रॉइड आणि त्या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डॅन यांनी त्यांचे निरीक्षण केले. ती मुले सख्खी भावंडे नव्हती, पण तान्ही असल्यापासून जवळपास एकत्रच होती. मोठ्या माणसांना ती मारत, चावत, त्यांच्या वस्तू फोडत. एकमेकांपासून मात्र घटकाभरही दूर होत नसत, खाऊ आधी दुसऱ्याला देत, एक जण मागे राहिला तर बाकीचे थांबत. मोठ्यांवरचा विश्वास नंतर आला, आणि तो एकमेकांवरच्या विश्वासाच्या आधाराने आला. आमच्या धाकट्याच्या बाबतीतही हेच घडताना मी पाहिले. पहिले तीन आठवडे थोरली केंद्राच्या दारात वेण्यांचा गठ्ठा घेऊन बसायची आणि तो दर पाच मिनिटांनी येऊन तिच्या गुडघ्याला हात लावून परत जायचा. मग ते अंतर दहा मिनिटांवर गेले, मग अर्ध्या तासावर. दारातील थोरली नसती तर तो ताईंच्या मांडीपर्यंत पोहोचला नसता.

याच्याशी जोडून आणखी एक विचार मनात येतो. रुमानियातील अनाथालयांत वाढलेल्या १३६ बालकांवर बुखारेस्टमध्ये २०००च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यांतील काही मुलांना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले, आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांच्यात जिव्हाळ्याचे बंध अधिक चांगल्या रीतीने जुळले. आमच्या धाकट्याची पहिली दोन वर्षे आईच्या कुशीत गेली आहेत, आणि थोरलीला तर तेरा वर्षे आई मिळाली. ती त्याला जोजवते ती गाणी आईची आहेत, त्याच्या कानामागे तेल लावते ती पद्धत आईची आहे. म्हणजे पाया आहे. अशा मुलांकडे पाहताना लोक एक तर बिचारे म्हणून हळहळतात किंवा लवकर शहाणी झाली म्हणून वाखाणतात. या मुलांत वाटून खाण्याची वृत्ती, दुसऱ्याचा चेहरा वाचण्याची शक्ती, सोसण्याची ताकद खरोखरच असते. केंद्रात नवे मूल रडू लागले की पाण्याचा पेला घेऊन सर्वांत आधी जातो तो आमचा धाकटाच. पण स्वतःला काय हवे हे त्याला अजूनही सांगता येत नाही. निळा हवा की लाल, असे विचारले की तो 'कुठला बी चालतो' म्हणतो.

थोरलीसाठी केंद्राने जे केले ते अगदी साधे होते. चौथ्या आठवड्यात ताईंनी तिच्या हातातून वेण्यांचा गठ्ठा घेतला, कपाटात ठेवला आणि अंगणात मुलींची लंगडी चालली होती तिकडे तिला पाठवले. ती गेली, आणि मधेच थबकून आत धाकट्याकडे पाहून आली. 'तो माझ्याजवळ हाय, तू जा,' असे ताई म्हणाल्या. त्या दिवशी ती सव्वा तास खेळली. घरी येताना तिच्या चालण्यात जो हलकेपणा होता तो मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या मिळकतीचे नुकसान होऊ नये म्हणून केंद्राने बालसंगोपन योजनेचा अर्ज भरण्यात मदत केली. आत्याला बोलावून घेतले, आईचा मृत्यूचा दाखला, शाळेचे दाखले, उत्पन्नाचा दाखला जमवला, बालकल्याण समितीपुढे सोबत आले. या योजनेत राज्य शासनाकडून प्रत्येक बालकामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. पैसे सुरू झाल्यावर तिने वेण्यांचे काम निम्म्यावर आणले, आणि रात्री धाकट्याला गोष्ट सांगायला वेळ मिळू लागला. लहान मुलाच्या मनाच्या वाढीचा प्रश्न असा थेट मोठ्या भावंडाच्या पोटापाण्याशी बांधलेला असतो, हे केंद्र चालवणाऱ्यांना कळते, याचे मला मोल वाटते.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली तक्रार स्वयंसेवकांविषयी. महाविद्यालयीन मुले-मुली उत्साहाने येतात, मुलांना लळा लावतात आणि परीक्षा जवळ आली की येणे बंद करतात. ताई निरोपाच्या गोलात सांगतात खरे, पण 'आता येणार नाही' हे सांगितल्याने जाण्याची जखम होत नाही असे नाही. ऑक्टोबरमध्ये एक दादा गेला, त्यानंतर धाकट्याने आठवडाभर त्याची चप्पल जिथे असायची ती जागा रिकामी ठेवली होती. दुसऱ्या कोणी तेथे चप्पल काढली की तो ती उचलून बाजूला ठेवायचा. ज्यांना वर्षभर येणे शक्य नाही त्यांना धान्य निवडण्याचे, हिशेबाचे, साफसफाईचे काम द्यावे आणि लहान मुलांच्या गटात फक्त कायमची माणसे असावीत, असे मी लेखी सुचवले आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. देणगीदार वाढदिवस साजरा करायला येतात. केक कापला जातो, छायाचित्रे काढली जातात. डिसेंबरमध्ये आलेल्या एका सुस्वभावी बाईंनी धाकट्याला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर विचारले, 'तुझी आई कुठंय रे बाळा?' तो शांतपणे म्हणाला, 'कामाला गेलीया.' मधला तेथेच उभा होता. तो काही बोलला नाही, पण त्या संध्याकाळी त्याने घरी येऊन धाकट्याला बदडले. खोटे बोलल्याबद्दल, असे तो म्हणाला. मुलांना काय विचारायचे नाही हे देणगीदारांना दारातच सांगितले गेले पाहिजे, आणि छायाचित्रे तर पूर्णपणे बंद व्हायला हवीत. केंद्राने छायाचित्रे बंद केली आहेत. वाढदिवस अजून सुरू आहेत.

मधल्याचा उल्लेख आला म्हणून सांगते, केंद्राचे, आणि माझेही, सर्वांत मोठे दुर्लक्ष त्याच्याकडे झाले. थोरली कष्टाळू म्हणून डोळ्यांत भरते, धाकटा लहान म्हणून. नऊ वर्षांच्या मुलाला अभ्यासाच्या गटात बसवले की तो बसतो, पाढे म्हणतो, गृहपाठ पुरा करतो, आणि कोणाला वाटते सगळे ठीक आहे. त्याला आई नीट आठवते. बापाची वाट पाहणाराही तिघांत तोच आहे. हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांचे क्रमांक वाचत तो उभा असतो, हे मला एका रिक्षावाल्याने सांगितले. वाढदिवसाच्या त्या प्रसंगानंतर ताईंनी त्याला अभ्यासाच्या गटातून काढून आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाकघरात मावशींबरोबर ठेवले. मटार सोलताना तो बोलतो म्हणे. काय बोलतो ते मावशी कोणाला सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. केंद्र साडेसहाला बंद होते, आणि या मुलांचा सर्वांत अवघड काळ त्यानंतर सुरू होतो, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा साडेसहाला अंधार पडलेला असतो. रविवारी केंद्र बंद असते. गल्लीतील इतर मुले रविवारी आईबापांबरोबर रंकाळ्यावर जातात, भेळ खातात. आमची तिघे घरात असतात. सोमवारी धाकटा नेहमीपेक्षा अधिक चिकटतो किंवा अधिक मारतो, हे ताईंच्या वहीतही नोंदलेले आहे. पूर्ण दिवस नसले तरी रविवारी दोन तास उघडे राहावे अशी आम्हा चार शेजाऱ्यांची विनंती होती. जागेचे भाडे आणि ताईंची सुट्टी यांचा विचार करता ते अवघड आहे हे मान्य. ताईंनी सुट्टी घेतलीच पाहिजे, थकलेली ताई आणि थकलेली आक्का यांत मुलाच्या दृष्टीने फरक नसतो.

ज्यांच्या शेजारी असे घर आहे त्यांनी असे केंद्र निवडताना खाऊ आणि खेळणी यांच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात असे मी म्हणेन: भावंडांना एकत्र येऊ देता का, आणि लहान मुलांच्या गटात तीच माणसे वर्षभर राहतात का. पहिल्या प्रश्नाला या केंद्राचे उत्तर नि:संशय हो आहे, दुसऱ्याला अजून पुरते हो नाही. कागदपत्रांशिवाय पहिल्या दिवसापासून मुलांना बसू देतात, कागद मागाहून करतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आधी कागद मागितले असते तर आमची थोरली दारातूनच परतली असती. केंद्र जवळ नसेल तर १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे, आणि शेजाऱ्यानेही तेथे फोन करायला हरकत नाही. मात्र फोन करण्याआधी थोरल्या मुलाशी किंवा मुलीशी बोलावे. घर तिचे आहे.

फेब्रुवारीपासून रविवारची सोय आम्ही गल्लीतच केली आहे. दुपारी चार ते सहा तिघे माझ्याकडे असतात आणि थोरली दहावीचा अभ्यास करते किंवा नुसती झोपते. केंद्रातल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे निघताना मी धाकट्याला पुढच्या रविवारी घरात कोण असेल ते सांगते. गेल्या रविवारी माझ्या अंगणात तो पायरीवरून घसरला, गुडघा खरचटला. उठून माती झटकण्याआधी त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि मग मोठ्याने रडला.